इंदूर दोन दिवसांत : मुक्काम राजवाड्याजवळ की छप्पन दुकान या खाऊगल्लीजवळ?
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही दोघं ठाण्याचे, मामलेदारची मिसळ खाऊन वाढलेले. लेकीला आजीकडे ठेवून लग्नानंतर सात वर्षांनी पहिल्यांदाच दोघंच निघतोय. बोरिवलीहून अवंतिका एक्सप्रेस, शनिवारी सकाळी इंदूर, रविवारी रात्री परत.

सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाऊगल्ली सुरू होते म्हणे. भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा पदार्थ) आणि गराडू (तळलेला कंद) खायचेच आहेत. पण बायकोला तुपकट सोसत नाही (मला सगळं सोसतं, हेच भांडणाचं मूळ!). तिला हलकं काय मिळेल?

रविवारी अहिल्याबाईंचं महेश्वर बघून रात्रीची गाडी गाठता येईल का? की राजवाडा, लालबाग पॅलेसवरच समाधान मानावं?