मदत हवी आहे: एका बैठकीत सलग ऐकायचे मेटल अल्बम सुचवा

नमस्कार मंडळी,

मेटल ऐकणाऱ्या जाणकारांकडून मदत हवी आहे. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकावेत असे अल्बम मी शोधते आहे. असे, की त्यातलं एक गाणं काढून घेतलं तर बाकीच्यांचा तोल जाईल. 'सर्वोत्तम शंभर' छापाच्या याद्या खूप चाळून झाल्या. त्यांत नावं भरपूर मिळतात, पण एखादा अल्बम कुणाला का भिडला ते त्यातून कळत नाही. म्हणून विनंती अशी की प्रत्येकाने शक्यतो एकच अल्बम सुचवावा आणि त्यातली एक जागा सांगावी, जिथे तुमचा कान हमखास थांबतो. ती जागा ऐकण्यासाठी मी अख्खा अल्बम ऐकेन, हा शब्द देते.

माझी आवड कळावी म्हणून आधी माझे सांगते.

मेटलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६). आठच गाणी आहेत, त्यातल्या शीर्षकगीताबद्दल सगळेच बोलतात. मी मात्र 'ओरायन'ची वाट बघत असते. साडेआठ मिनिटांच्या आसपासची ही रचना, एकही शब्द नाही. सुरुवातीला ऑर्गनसारखा जो सूर हळूहळू वर येतो तो बँडच्या बासवादकाचा, क्लिफ बर्टनचा बास आहे. मग भक्कम रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा वाजणारी चाल), आणि मधोमध अचानक सगळा दणदणाट थांबतो. बास एकटाच एक संथ चाल धरतो आणि गिटारी एकेक करून तिच्यावर येत जातात. अल्बम मार्चमध्ये आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमध्ये बसच्या अपघातात बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. हे कळल्यापासून ती चाल सुरू झाली की हातातलं काम बाजूला पडतं.

दुसरा डेथ या बँडचा 'सिम्बॉलिक' (१९९५). चक शुल्डिनरने १९८७ ते १९९८ या काळात डेथच्या नावावर सात अल्बम केले. पहिल्यात नुसतं रक्त आणि हाडं, आणि सहाव्यापर्यंत पोचताना हाच माणूस बालपण, विश्वासघात आणि काळ यांवर लिहायला लागला. आवाज तसाच खरवडून काढल्यासारखा, पण शब्द आता कळतात. जीन हॉगलनचे ड्रम्स इतके स्वच्छ वाजतात की राइड सिंबलचा (ड्रम्समधल्या झांजेचा) प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो. माझी जागा 'क्रिस्टल माउंटन'च्या शेवटी, जिथे अकूस्टिक गिटार येते आणि गाणं तिच्यावरच संपतं. शुल्डिनर २००१ साली गेला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. मेंदूचा कर्करोग.

आणि तिसरा, ज्याच्यामुळे हा धागा काढावासा वाटला: ओपेथचा 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१). त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्ट एकाच गाण्यात खोल ग्राउल (घशातून गुरगुरल्यासारखं गाणं) करतो आणि पुढच्या ओळीला इतका मऊ गातो की दोन वेगळी माणसं वाटावीत. 'द लेपर अफिनिटी'ची दहा मिनिटं वादळ चालतं आणि शेवटी फक्त पियानो उरतो. पुढे 'ब्लीक', मग 'हार्वेस्ट', ज्यात ग्राउल अजिबात नाही. 'ब्लीक'नंतर 'हार्वेस्ट' हा क्रम कुणी बदलला तर दोन्ही गाण्यांचं नुकसान होईल, इतका तो विचार करून लावलेला आहे. मला नेमकी हीच गोष्ट हवी आहे: जड आणि हळुवार यांची मांडणी, आणि त्यासाठी लागणारा धीर. ओपेथचे 'स्टिल लाइफ', 'घोस्ट रेव्हरीज', ग्राउल नसलेला 'डॅमनेशन', सगळे ऐकून झालेत. तेव्हा ओपेथचेच अल्बम कृपया सुचवू नका.

डूममध्ये, म्हणजे मेटलच्या संथ आणि जड प्रकारात, मी कच्ची आहे. ब्लॅक सॅबथचे पहिले तीन ऐकलेत. त्यांतला 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' (१९७१) सगळ्यांत जवळचा. कारखान्यातल्या अपघातात त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं तुटली होती. ताण कमी व्हावा म्हणून या अल्बमवर त्याने बऱ्याच गाण्यांत तारा दीड स्वर खाली उतरवल्या. एका माणसाच्या दुखापतीतून आलेला तो जडपणा पुढे शेकडो बँडनी उचलला. पण सॅबथनंतर डूमकडे कुठल्या वाटेने जावं ते कळेना. त्याबद्दलही सांगा.

नुसता वेग मला कमी पचतो. ज्यात श्वास घ्यायला जागा नाही असे अल्बम सध्या नकोत.

संथ_लय

डूमबद्दल विचारलंत म्हणून लगेच लिहायला बसलो.

सॅबथनंतर थेट कँडलमासचा 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस' (१९८६) ऐका. स्वीडिश बँड. हा वाटेतला थांबा समजा, माझी खरी शिफारस पुढे आहे. पहिलंच गाणं 'सॉलिट्यूड' अकूस्टिक गिटारीवर उघडतं आणि मग रिफ कोसळते. गायक योहान लेंगक्विस्ट तेव्हा पाहुणा म्हणून गायला आणि निघून गेला. २०१८ साली तो बँडमध्ये परत आला. तीस वर्षांहून अधिक काळ त्याचा आवाज या एका अल्बमवर अडकून राहिला होता.

तर शिफारस: वॉर्निंग या ब्रिटिश बँडचा 'वॉचिंग फ्रॉम अ डिस्टन्स' (२००६). पाच गाणी. ग्राउल नाही, भुतंखेतं नाहीत, राक्षस नाहीत. पॅट्रिक वॉकर नावाचा माणूस मोडलेल्या नात्याबद्दल गातोय, उंच आणि थरथरत्या आवाजात, आणि त्याच्याखाली गिटार प्रचंड जड. एवढ्या जड आवाजावर एवढे उघडे शब्द मी दुसरीकडे ऐकलेले नाहीत. वेग कुठेही वाढत नाही. तुम्ही जागा मागितलीत: 'फूटप्रिंट्स' ऐकताना गिटारकडे थोडं दुर्लक्ष करा आणि वॉकर ओळीच्या शेवटच्या शब्दावर किती वेळ थांबतो तेवढंच ऐका. एकेक शब्द ठेवून देतो, आणि रिफ त्याच्यासाठी थांबून राहते.

मनःस्थिती खचलेली असेल तेव्हा मात्र लावू नका. बरं वाटत असताना ऐका. हे मनापासून सांगतोय.

दुहेरी_बास

ओपेथ नको म्हणालात, पण ओकरफेल्ट चालेल ना? एज ऑफ सॅनिटीचा 'क्रिमझन' (१९९६). सबंध अल्बम म्हणजे एकच गाणं, चाळीस मिनिटांचं. डान स्वानो हा स्वीडिश माणूस त्यामागे आहे. ओपेथचे पहिले दोन अल्बमही त्याच्याच स्टुडिओत झाले आणि ओकरफेल्ट इथे पाहुणा म्हणून गायला आहे. कथा भविष्यातली: माणसांना मुलं होणं थांबलंय, आणि अशात राणीला दिवस जातात. पुढचं सांगत नाही.

जागा एकच अशी सांगता येणार नाही, कारण यात सुरुवातीच्या चाली पुन्हा पुन्हा वेगळ्या वेगाने परत येतात. पहिल्या पाच मिनिटांतली एक चाल लक्षात ठेवा आणि ती पुढे कुठे कुठे भेटते ते पाहा. मग चाळीस मिनिटं कशी जातात कळत नाही.

नियम मोडून दुसरा सांगतो, कारण दोघांचं नातं आहे. इन्सॉम्नियम या फिनिश बँडचा 'विंटर्स गेट' (२०१६). हेही एकच गाणं, हेही चाळीस मिनिटं, आणि मिक्सिंग पुन्हा डान स्वानोचं. बँडच्या गायकाने आधी एक कथा लिहिली, एका बेटाच्या शोधात ऐन हिवाळ्यात समुद्रात निघालेल्या व्हायकिंगांची, आणि त्यावर संगीत रचलं. 'क्रिमझन' ओबडधोबड आहे, त्यात १९९६चा खडबडीतपणा आहे. 'विंटर्स गेट' घासूनपुसून चकचकीत केलेला. ओपेथच्या मांडणीची सवय असेल तर आधी 'विंटर्स गेट' सोपा जाईल. मला स्वतःला 'क्रिमझन' जास्त प्रिय आहे.

काळा_टीशर्ट

वेगाबद्दल असहमत. स्लेयरचा 'रेन इन ब्लड' (१९८६) एकोणतीस मिनिटांचा आहे, दहा गाणी, आणि सलगतेचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. शेवटचं टोक ऐका. 'पोस्टमॉर्टेम' संपतं तिथेच मेघगर्जना सुरू होते, टॉमवर (ड्रम्समधल्या एका ड्रमवर) तीन ठोके पडतात, पुन्हा पडतात, आणि मग 'रेनिंग ब्लड'ची ती चाल. शेवटी फक्त पावसाचा आवाज. श्वास घ्यायला जागा आहे, फक्त ती शेवटी ठेवलेली आहे. ही दोन गाणी वेगवेगळी ऐकणाऱ्यांनी ती ऐकलेलीच नाहीत असं माझं ठाम मत आहे.

निळी_शाई

बेल विच, 'मिरर रीपर' (२०१७). दोघांचाच बँड, बास आणि ड्रम्स. गिटार नाही. एकच रचना, ८३ मिनिटं. यांचा आधीचा ड्रमर एड्रियन गेरा २०१६ साली गेला, हा अल्बम त्याच्यासाठी आहे. आधीच्या अल्बमच्या वेळी ध्वनिमुद्रित होऊन वापरायचा राहून गेलेला त्याचा आवाज यात मध्यावर येतो. ती तुमची जागा. त्याच्या आधी साधारण अर्धा अल्बम ऐकलेला असला पाहिजे, थेट तिथे उडी मारू नका.

संथ_लय

निळी_शाई, +१. पण डूममध्ये नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी देऊ नये. आधी वॉर्निंग.

ताल_मोजणारा

एक व्यवहाराची गोष्ट, कारण वरच्या सगळ्या शिफारशी यावर अवलंबून आहेत. फोनवर ऐकत असाल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये क्रॉसफेड बंद करा आणि गॅपलेस चालू करा. क्रॉसफेड चालू असेल तर एका गाण्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकमेकांत मिसळतात, 'द लेपर अफिनिटी'चा पियानो विरायच्या आत 'ब्लीक' घुसतं. गॅपलेस बंद असेल तर उलटं होतं: जिथे आवाज अखंड हवा तिथे क्षणभर शांतता येते. 'विंटर्स गेट' पुढे तुकडे पाडूनही उपलब्ध झाला, तो तसा लावलात तर हा फरक लगेच टोचेल. शफलबद्दल वेगळं सांगायला नको. शिवाय आवाजाची पातळी आपोआप समान करणारी सोय असते, ती गाण्यागणिक लागू न करता अल्बमला धरून लागू होते का ते बघा. नाहीतर 'हार्वेस्ट'सारखं शांत गाणं शेजारच्या गाण्याइतकंच मोठं वाजेल आणि जड-हळुवार ही सगळी रचनाच पुसली जाईल.

माझी शिफारस: बिट्वीन द बरीड अँड मी, 'कलर्स' (२००७). आठ गाणी, एकातून दुसरं न थांबता निघतं. शेवटचं 'व्हाइट वॉल्स' चौदा मिनिटांचं आहे, त्याचा शेवट सोडू नका. पण यात धीर कमी आणि वळणं फार, तेव्हा तुम्हाला रुचेलच अशी खात्री देत नाही.

धागाकर्ती

मंडळी, मनापासून आभार. एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. आधी सेटिंग तपासलं. क्रॉसफेड चालूच होतं. ते बंद करून 'ब्लॅकवॉटर पार्क' पुन्हा लावला, पियानो शेवटपर्यंत ऐकला. ताल_मोजणारा, यासाठी वेगळे आभार.

'क्रिमझन' ऐकला. पहिल्या खेपेला हरवले, दुसऱ्यांदा चाली ओळखीच्या व्हायला लागल्या. दुहेरी_बास, तुमचं बरोबर आहे, एकच जागा सांगता येत नाही. तरी शेवटाकडे वेग उतरतो आणि सुरुवातीचं परत येतं तिथे मी उठून उभी राहिले होते. खडबडीतपणाची अडचण झाली नाही, उलट ग्राउल आणि साधं गाणं यांच्यातला सांधा त्यामुळे जास्त खरा वाटला. 'विंटर्स गेट' सुंदर आहे, पण मीही 'क्रिमझन'च्या बाजूची.

संथ_लय, वॉर्निंगबद्दल काय लिहू! ग्राउल नाही म्हणून मला कमी वाटेल अशी शंका होती. 'फूटप्रिंट्स'मध्ये तुम्ही म्हणालात तसं शब्दांच्या शेवटांवर लक्ष ठेवलं, आणि मग गिटारचा जडपणा वेगळाच लागला. मला इतके दिवस वाटायचं की जड आणि हळुवार एकापाठोपाठ एक यायला हवेत. इथे दोन्ही एकाच वेळी चालू आहेत, पूर्णवेळ. ओपेथपेक्षा ही अगदीच वेगळी मांडणी आहे आणि मला आता यातलं अजून हवंय.

काळा_टीशर्ट, शेवटची दोन गाणी सलग ऐकली. मेघगर्जनेची जागा जबरदस्त आहे, मान्य. 'सध्या नकोत' हे वाक्य त्या दोन गाण्यांपुरतं मागे घेते.

'मिरर रीपर' राखून ठेवलाय.

आता पुढचा प्रश्न, याच धाग्यात विचारते. वॉर्निंगसारखं, जड आवाजाखाली माणूस उघडा दिसेल असं, पण ओरडणाऱ्या आवाजात कुणी केलंय का? ग्राउल किंवा किंचाळी चालेल, राग नको. दुःख किंवा थकवा हवा.

संथ_लय

कल्ट ऑफ ल्युना, 'समव्हेअर अलाँग द हायवे' (२००६). स्वीडनच्या उमेओ शहरातला बँड. आवाज ओरडतोच, पण त्यात कुणावर धावून जाणं नाही, एकटा माणूस लांबवर कुणालातरी हाक मारतोय असं वाटतं. शेवटचं 'डार्क सिटी, डेड मॅन' पंधरा मिनिटांहून मोठं आहे, त्याच्यासाठी वेळ ठेवा. 'अँड विथ हर केम द बर्ड्स' हे त्यातलं शांत गाणं, त्यात कुणी ओरडत नाही. ते कुठल्या दोन गाण्यांच्या मध्ये ठेवलंय ते बघा आणि इथे लिहा.

निळी_शाई

हाच लिहायला आले होते. +१. ऐकून झाल्यावर आयसिसचा 'पॅनॉप्टिकॉन' (२००४) घ्या. हा बँड त्या वाईट बातम्यांतल्या, याच नावाच्या दहशतवादी संघटनेच्या कितीतरी आधीचा आहे, २०१० साली थांबला. यात ओरडणारा आणि गाणारा आवाज एकाच माणसाचा आहे.

धागाकर्ती

दोन्ही आज रात्री. क्रॉसफेड बंद आहे.