‘सर, आमची माणसं कुठे आहेत?’ (अनुभव धागा)

३० जुलै १९४५ रोजी ‘इंडियानापोलिस’ ही अमेरिकन युद्धनौका (क्रूझर) जपानी पाणबुडीचे टॉर्पेडो लागून अवघ्या बारा मिनिटांत बुडाली. जहाजावर ११९५ जण होते. त्यातले नऊशेच्या आसपास पाण्यात वाट बघत राहिले. जहाज ठरल्या दिवशी पोचलं नाही, तरी बंदरात कोणी चौकशीच केली नाही. चौथ्या दिवशी एका विमानाला ते योगायोगाने दिसले. वाचले ३१६.

हे वाचल्यापासून मनातून जात नाहीये. नौदलात वरिष्ठाला प्रश्न विचारायला छाती लागते. सोबती दिसत नाही म्हणून ज्यांनी विचारलं, किंवा ज्यांना कोणी विचारलं, त्यांनी कृपया लिहा. माणसांची आणि जहाजांची नावं नकोत.

माजी नाविक, डेक

रात्रभर समुद्र खवळलेला. पहाटे चारला वॉच (पहाऱ्याची पाळी) बदलताना माझा जोडीदार आला नाही. उठवायला खाली गेलो तर बंक रिकामा. उशीखाली घड्याळ होतं, बूट नव्हते. म्हणजे गडी उठून, बूट चढवून निघाला होता.

पेटी ऑफिसरना, म्हणजे आमच्या लगेच वरच्यांना, सांगितलं. “टॉयलेटमध्ये असेल, डोकं खाऊ नकोस.” टॉयलेट, गॅली (स्वयंपाकघर), स्टोअर, सगळं पालथं घातलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच उत्तर. मग मात्र त्यांना ओलांडून थेट ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, गेलो. पाय लटपटत होते. सॅल्यूट केला आणि म्हणालो, “सर, त्याला शेवटचं कोणी पाहिलंय?”

वॉचवरच्या अधिकाऱ्यांनी एकही शब्द न बोलता सगळ्या जहाजाची हजेरी लावली. एक कमी. जहाज वळवलं, माणूस पाण्यात पडल्याची खूण असलेला लाल-पिवळा ऑस्कर झेंडा चढला, मिळेल तो माणूस कठड्याला उभा राहून पाणी न्याहाळत होता. दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत शोधलं. सापडला नाही.

माझ्या विचारण्या-फिरण्यात पंचवीस मिनिटं गेली होती. बारा नॉट वेगाने तेवढ्यात पाच सागरी मैल मागे पडतात. हा हिशोब मी आजही करतो.

निवृत्त अधिकारी

मी दुसऱ्या बाजूला होतो. आग लागली होती आणि एका कंपार्टमेंटमधून तिघं बाहेर आलेच नव्हते. मला ते कळलं होतं. घरच्यांना कळवेपर्यंत नावं सांगायची नसतात. हा नियम मला आजही पटतो. कुणाच्या आईला अशी बातमी उडत उडत कळू नये.

पण वीस वर्षांचा एक पोरगा, हाताला काजळी तशीच, समोर येऊन म्हणाला, “सर, आमचे तिघं कुठे आहेत?” मी म्हणालो, “माहीत नाही.” ते खोटं होतं. ‘आत्ता सांगता येत नाही, कळवलं की पहिल्यांदा तुला सांगेन,’ एवढं म्हणता आलं असतं. संध्याकाळी त्याला खरं कळलं. त्यानंतर दीड वर्ष तो माझ्या हाताखाली होता, कामात कधी चुकला नाही, पण माझ्या नजरेला नजर दिली नाही.

इंजिन रूम

आमच्याकडे वाफेने भाजलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने नेलं. पुढे काय, कोणालाच माहीत नाही. मेसमध्ये एकाने तर बोलता बोलता त्यांना मारूनही टाकलं. मी कॅप्टनना विचारलं. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ ते स्वतः स्पीकरवरून सांगायचे, नवीन काही नसलं तरी ‘नवीन काही नाही’ असं. त्या दोन वेळांना सगळ्यांचे हात थांबायचे. दोघंही बरे झाले.

पाणबुडीवाला

२००० साली ‘कुर्स्क’ ही रशियन पाणबुडी बुडाली तेव्हा ११८ जण गेले. स्फोटानंतर नवव्या कंपार्टमेंटमध्ये २३ जण जमले होते. तिथल्या कोलेस्निकोव या अधिकाऱ्याने अंधारात चाचपडत त्या सगळ्यांची नावं लिहून ठेवली. समुद्राच्या तळाशी त्याने हजेरी घेतली! आम्हा पाणबुडीवाल्यांना त्या कागदाबद्दल बोलताना गळा भरून येतो.

धागाकर्ता

डेकवाले दादा, त्या घड्याळाचं पुढे काय झालं?

माजी नाविक, डेक

त्याच्या सामानाची यादी करायला मलाच बसवलं होतं. घड्याळ चालू होतं. गजर पावणेचारचा होता. रुमालात गुंडाळून पेटीत सगळ्यात वर ठेवलं.