बी विंगमधले गोल्डफिश आणि वरच्या टाकीचं पाणी

बी-३०२: नमस्कार. फिश टँकमधलं कुणाला कळतं का? सकाळी उठून बघते तर पाचातले तीन गोल्डफिश गेलेले. उरलेले दोघं वर येऊन सारखं तोंड उघडतायत. लेक रडून रडून दमलीय.

सी-१०१: ताई, बुरशी लागली असेल. माझ्याकडे मिथिलीन ब्लूची बाटली आहे, पाठवू?

ए-५०३: थांबा, औषध नको. पाणी कधी बदललं?

बी-३०२: काल संध्याकाळी, काका. दुकानदाराने सांगितलंय, दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासायची.

ए-५०३: आणि फिल्टरचा स्पंज?

बी-३०२: तोही नळाखाली धुतला, स्वच्छ पाणी निघेपर्यंत.

ए-५०३: अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखं काही दिसतंय?

बी-३०२: काहीच नाही. काल दुपारी छान फिरत होते.

ए-५०३: मग मासे आजारी नाहीत, पाणी आजारी आहे. सेक्रेटरीसाहेब, वरची टाकी धुतली का इतक्यात?

सचिव: काल सकाळीच. ब्लीचिंग पावडर वापरली होती. दुपारी नळाला वास येतो म्हणून दोन फोनही आले.

डी-२०४: पण क्लोरीन तर रोजच्या पाण्यातही असतो ना?

ए-५०३: असतो. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा असं आहे. आपल्याला तो चालतो, माशांच्या कल्ल्यांना तेवढाही सोसत नाही. ब्लीचिंगनंतर तर बराच जास्त असणार. कल्ले भाजले की पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो.

ए-५०३: ताई, एअर पंप फुल करा, मेलेले मासे लगेच काढा, दोन दिवस खाणं बंद. उपाशी राहून काही होत नाही त्यांना. टाकी किती मोठी?

बी-३०२: दोन फूट लांब, एक रुंद, एक उंच.

ए-५०३: म्हणजे ६० गुणिले ३० गुणिले ३० सेंटिमीटर, साधारण ५४ लिटर. माझ्याकडे शुक्रवारी भरून ठेवलेल्या दोन बादल्या आहेत, वरची टाकी धुण्याआधीच्या. मुलाबरोबर खाली पाठवतो, अमोनियाचं टेस्ट किटही देतो. अर्धं पाणी त्यानेच बदला. आधी तपासा.

बी-३०२: काका, पिवळं असायला हवं ते हिरवट झालंय. कार्डावर ०.५ च्या जवळ.

ए-५०३: वाटलंच होतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. स्पंजमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य असं नायट्रेट करतात. क्लोरीनच्या पाण्यात स्पंज धुतला की ते जिवाणूच मरतात. नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मिथिलीन ब्लू घातलं असतं तर उरलेसुरलेही गेले असते. माझ्या टाकीतला मुरलेला स्पंज अर्धा कापून पाठवतोय, तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. विरजण लावल्यासारखं काम करेल.

ई-४०१: आमच्याकडे बोअरचं पाणी, पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, ८ येतो. त्याने फरक पडतो?

ए-५०३: खूप. तोच अमोनिया पीएच ७ पेक्षा ८ ला जवळपास दहापट विषारी. तुम्ही तर आठवड्याला तपासाच.

बी-३०२: आता यापुढे पाणी कसं बदलू?

ए-५०३: सध्या रोज अमोनिया बघा, दिसला की पाव टाकी बदला. नंतर आठवड्याला पाव टाकी पुरे. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवा. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीन मिळतं, बाटलीवरच्या मापाने घाला. स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली कधीच नाही. आणि या टाकीत पुन्हा पाच गोल्डफिश आणू नका. जवळजवळ वीतभर वाढतात ते, दोनच पुष्कळ.

सी-१०१: सेक्रेटरीसाहेब, वरची टाकी धुण्याची सूचना दोन दिवस आधी ग्रुपवर टाका ना. चार-पाच घरांत मासे आहेत.

सचिव: नक्की. आणि हो, बुधवारी बी विंगमध्ये डासांची फवारणी आहे. त्याचं काही?

ए-५०३: बरं झालं सांगितलंत! बहुतेक डासनाशकं माशांना फार विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ओढतो. ताई, फवारणीपुरता पंप बंद, टाकीवर ओलं जाड कापड, खिडक्या लावून घ्या. वास गेला की पंप लगेच सुरू.

बी-३०२: हो काका. पाणी बदललं, स्पंज ठेवला. एक जण खाली उतरलाय, दुसरा अजून वरच आहे.

ए-५०३: रात्री दहाला परत तपासा आणि आकडा टाका इथे. मी जागा आहे.