सुताचा निर्णय केबिनमध्ये की मागाजवळ?

सूतगाठ
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी उत्पादनाचं नियोजन बघतो. ऐन एप्रिलमध्ये साहेबांनी किलोमागे पैसे वाचतात म्हणून ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत बदललं. कागदावर हिशेब चोख होता, पण शेडमध्ये धागे तटातट तुटायला लागले. आपला उन्हाळा कोरडा, आणि हवेतला दमटपणा गेला की कॉटनच्या सुताचा जोर कमी होतो. मागांची जोडणी-दुरुस्ती बघणारा जॉबर बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) मागावर चढवतानाच म्हणाला होता, "हे आत्ता नाही चालायचं." त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं. वाचलेले पैसे बंद मागांनी खाल्ले. मागावरच्या माणसाला विचारल्याशिवाय असा निर्णय घेऊच नये, हे माझं ठाम मत.

हिशेबनीस
दादा, नाही पटत. मीही मॅनेजर आहे. सुताचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. व्यापारी फोनवर थांबलेला असतो. विचारविनिमय करत बसलो तर माल दुसऱ्याच्या गोडाऊनला उतरतो. हर्बर्ट सायमन यांना 1978 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते संस्थांमधल्या निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासासाठीच. त्यांचं म्हणणं, माणसाकडे माहिती, वेळ आणि हिशेबाची ताकद मर्यादित असते, म्हणून तो सर्वांत उत्तम शोधत न बसता पुरेसा बरा पर्याय घेतो. शिवाय जॉबरला कुठलाच बदल नको असतो, सेटिंग पुन्हा करावं लागतं. आणि वळवाने हवा बदलली असती तर तुम्हीच साहेबांची पाठ थोपटली असती.

सूतगाठ
नसती थोपटली. निकाल काय लागला ते बाजूला ठेवा. त्या दिवशी कळण्यासारखं काय होतं, ते बघा. ही माहिती कारखान्यातच होती, केबिनपासून चाळीस पावलांवर. माहिती तोकडी असते हे सायमन सांगतात, मग हाताशी असलेली तरी का सोडायची? दोन मिनिटांचा फोन, नाहीतर आधी एका बीमची ट्रायल. तेवढ्याने गाडी चुकत नाही.

शेडमधली ताई
विचारायचं कुणाच्या भाषेत, तेही बोला. आमच्या शेडमध्ये तेलुगू, ऑफिसात मराठी, रिपोर्ट इंग्रजीत. जॉबरअण्णांचं "आत्ता नाही" रिपोर्टमध्ये "किरकोळ अडचण" होऊन वर जातं. आणि नुकसान कुणाचं? विणकराची मजुरी मालावर. माग थांबला की त्याची मजुरी बुडते, निर्णय घेणाऱ्याचा पगार पूर्ण मिळतो. धागा सुताच्या दोषाने तुटला तर त्या तासांची मजुरी द्यावी, एवढं केलं की साहेब आपोआप शेडमध्ये येऊन विचारतील.

हिशेबनीस
ताई, मजुरीचं मान्य, मी मालकांकडे हा विषय काढतो. ट्रायल बीमही मान्य. पण जॉबर "नको" म्हणाला आणि ऑर्डरची तारीख डोक्यावर आहे, तर शेवटचा शब्द मॅनेजरचाच. तारीख चुकली तर व्यापाऱ्याला तोंड त्यालाच द्यावं लागतं.

सूतगाठ
शब्द त्याचाच असू दे. फक्त जॉबरचा नकार आणि तो का डावलला, हे दोन ओळींत, तारीख घालून, बीमच्या रजिस्टरात लिहा. जूनमध्ये आपण दोघं तेच पान उघडून बोलू.