चेक इंजिनचा दिवा जातच नाहीये, मदत हवी आहे

गॅरेजवारी:
चेक इंजिनचा दिवा लागलाय. ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलला, तरी थोड्याच दिवसांत परत हजर. गाडी तशी नीट चालते. आता मेकॅनिक म्हणतोय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा डबा) बदलू. पैसे ओतायचे तरी किती? कोणाला अनुभव असेल तर लवकर सांगा, उद्या गाडी परत टाकायची आहे.

नटबोल्ट:
कोणती गाडी? साल? पेट्रोल की डिझेल? गाडीच्या कॉम्प्युटरने बिघाडाचा कोड काय दिला? कोडशिवाय कोण काय सांगणार?

निवांत_चालक:
टाकीचं झाकण बघा. माझं सैल राहिलं होतं. घट्ट बसवलं, काही दिवसांनी दिवा आपोआप गेला.

स्पार्कप्लग:
बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल थोडा वेळ काढून ठेवा. दिवा गायब.

नटबोल्ट:
@स्पार्कप्लग, कृपया असले सल्ले नकोत. दिवा जातो, बिघाड तिथेच. वर फ्रीझ फ्रेमही, म्हणजे त्या क्षणाची नोंद, पुसली जाते. कोड पडला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, सगळी नोंद गेली.

स्पार्कप्लग:
माझी गाडी त्यानंतर मस्त चालली. अनुभव बोलतोय.

नटबोल्ट:
बल्ब काढून का?

गॅरेजवारी:
पेट्रोल, २००७. कोड मी कुठून आणू? मेकॅनिकने मशीन लावलं होतं, मिश्रणाचं काहीतरी म्हणाला.

बोनेट_उघडा:
स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (कोड वाचणारं यंत्र) खोचा आणि फोनवर अ‍ॅप घ्या. पी०१७१ आला तर मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. कोड म्हणजे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) काय खटकलं ते. कोणता पार्ट गेला हे त्यात नसतं. ऑक्सिजन सेन्सरने तक्रार केली म्हणून तोच बदलला, म्हणजे चोरावर भुंकणाऱ्या कुत्र्यालाच हाकललं.
दिवा स्थिर आहे ना? लुकलुकत असेल तर मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि मग तो खरंच जातो. तसं असेल तर गाडी पळवू नका.

गॅरेजवारी:
स्थिर. मित्राचा स्कॅनर लावला, पी०१७१च आहे. मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) बदलू का?

निवांत_चालक:
झाकण बघितलंत का?

बोनेट_उघडा:
झाकणाने पी०४५५ वगैरे येतो, हा नाही. आणि आत्ता काहीही बदलू नका. लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते; शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (शिकलेला), दोन्हींची बेरीज. इंजिन गरम झाल्यावर आधी आयडलला (रेस न देता), मग २५०० आरपीएमला धरून.

जुनंच_बरं:
अवांतर: कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ही नाटकं नव्हती. चोक ओढला, निघालो.

स्पार्कप्लग:
+१

नटबोल्ट:
आणि थंडीत ढकलत निघालो, तेही लिहा.

गॅरेजवारी:
आयडलला +२४, २५०० ला +५. चांगलं की वाईट? मेकॅनिकला आज कळवायचंय.

बोनेट_उघडा:
वा, मग दिशा मिळाली. व्हॅक्यूम लीक वाटतोय. आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळपास बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांमध्ये) ओढ जास्त, त्यामुळे फटीतून मॅफला न दिसणारी हवा आत शिरते. रेस वाढवली की एकूण हवाच इतकी जाते की त्या चोरट्या हवेचा हिशेब लागत नाही. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर रेस वाढवल्यावर आकडा चढला असता.
इंजिन बंद आणि गार असताना मॅनिफोल्डला जोडलेले सगळे रबरी होज हाताने चाचपा. पीसीव्हीचा होज (इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डकडे नेणारी नळी) वळणावर खालून बघा. वरून ते ठणठणीतच दिसतात.

स्पार्कप्लग:
सोपं सांगतो. कार्ब क्लीनर फवारा, आरपीएम जिथे बदलेल तिथे लीक.

नटबोल्ट:
आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडला की भडका. त्यापेक्षा स्मोक टेस्ट करून घ्या, धूर जिथून निघेल तिथे भोक.

गॅरेजवारी:
सापडलं! पीसीव्हीचाच होज. वळणावर खालून चिरलाय, तेलाने लिबलिबीत झालाय, दाबला की चीर तोंड उघडते. तात्पुरती टेप गुंडाळली, आयडलला आता +७. नवा होज मागवतोय, कन्व्हर्टरला नाही म्हणून कळवलं. @बोनेट_उघडा, खूप आभार.

नटबोल्ट:
गाडी कोणती ते अजून सांगितलं नाहीत.

नवी_सदस्य:
माझ्या डिझेल गाडीतही हाच पिवळा दिवा लागलाय. पीसीव्हीचा होज बदलू का? जरा घाई आहे.

नटबोल्ट:
नवा धागा काढा. आणि आधी कोड लिहा.