धर्म तारक की मारक? तुमचे अनुभव सांगा

मंडळी, हा वाद आपल्याकडे ग्रंथांवरून सुरू होतो आणि हमरीतुमरीवर संपतो. मला वाटतं, धर्माची खरी पारख दारात होते. कुणाला आत घेतलं, कुणाला बाहेर ठेवलं, ते पाहावं. चोखोबांचे अभंग वारीत सगळेच गातात. पण त्यांची समाधी देवळाबाहेर पायरीपाशी आहे, आणि दलितांना विठ्ठलाच्या देवळात जाता यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. तुमच्या घरात, गावात काय घडलं ते लिहा. माणसांची नावं नकोत.

रत्नागिरी जिल्हा
शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. आई अंगण सारवून, खण-नारळाचं ओटीचं ताट तयार ठेवायची. जमिनीच्या तंट्यात बाबांनी गावकीचा निवाडा मानला नाही, म्हणून आम्हाला वाळीत टाकलं. त्या वर्षी शेजारच्या अंगणात पालखी नाचली, ढोल आमच्या गडग्यापर्यंत आला आणि सगळे आमचं दार टाळून पुढे गेले. आई ताट घेऊन उभीच. दुकानात सामान मिळेना, विहिरीवर कुणी बोलेना, ते तिने सोसलं. देवी दारावरून गेली, ते मात्र तिला आजही सोसत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा तेव्हा नव्हता. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. असता तरी बाबा तक्रारीला धजले असते का, शंका वाटते. राहायचं त्याच गावात होतं.

नागपूर
१४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी दीक्षाभूमीवर होती. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. घरी येऊन तिने देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले आणि त्या कोनाड्यात पोरांच्या पाट्या-पुस्तकं ठेवली. स्वतः निरक्षर होती. धर्माला सरसकट मारक म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे: १९३५ ला येवल्यात ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असं सांगितल्यावर बाबासाहेबांनी धर्मच सोडून का दिला नाही? एकवीस वर्षं विचार करून त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, कारण माणसाला ताठ मानेनं जगवणारा धर्म त्यांना हवा होता. आजही दीक्षाभूमीवरून लोक पुस्तकांच्या पिशव्या घेऊन परततात. दुसऱ्या कुठल्या जत्रेत मी हे पाहिलेलं नाही.

सातारा
आत्याच्या डोक्यात जट झाली. ती यल्लम्माची म्हणून कुणी हात लावू देईना. मान दुखायची, कुशीवर झोपता येत नव्हतं, उवांनी टाळू सोलवटली होती. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्या बऱ्याच वेळा आल्या, तिचं ऐकून घेतलं, घाई केली नाही. शेवटी कात्री लावली तेव्हा ती थरथरत होती आणि त्यातल्या एकीने तिचा हात घट्ट धरला होता. कोप वगैरे काही झाला नाही. आत्या अजून सौंदत्तीला जाते, भंडारा लावते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. याच चळवळीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या. त्यानंतर कुठे जादूटोणाविरोधी कायदा झाला. याचा राग अजून जात नाही.

कोल्हापूर
आमच्या गावात मोहरमला पीर बसतात. ते उचलणाऱ्यांत निम्मे हिंदू असतात. आजोबा पंजापुढे मलिदा ठेवायचे. आता काही पोरं ‘हे आपलं नव्हे’ म्हणायला लागली आहेत, आणि मोठी माणसं गप्प बसतात.

जालना
भावाला कॅन्सर झाला, टाटा हॉस्पिटलात न्यावं लागलं. मुंबईत भाड्याने राहणं परवडणारं नव्हतं. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. तिथे भावाची हॉस्पिटलची फाईल पाहिली, जात-धर्म नाही. आमच्या एका बाजूला बिहारचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगालचं मुसलमान कुटुंब. बायका एकमेकींच्या पेशंटसाठी पेज करून द्यायच्या. ज्या बाबांनी कीर्तनातून नवसाच्या बोकडावर आणि कर्ज काढून केलेल्या तीर्थयात्रांवर कोरडे ओढले, त्यांनीच धर्मशाळा बांधल्या. मला धर्म कळला तो तिथे.

पुन्हा मी
रत्नागिरीच्या ताई, लिहिलंत ते बरं केलंत. बहिष्काराचा कायदा २०१७ पासून लागू आहे. त्याखाली कुणी तक्रार केली असेल, तर पोलिसांनी ती लगेच नोंदवली का आणि त्यानंतर गावात राहणं कसं गेलं, हे जरूर लिहा. इथे वाचणाऱ्या काही घरांना त्याची आज गरज असेल.