मदत हवी आहे: यंत्रांना पाणी लागलं नाही, पण काम बंद पडलं. बुडालेल्या उत्पन्नाचा विमा असतो का?

कागदफूल
नमस्कार. आमचा छपाई आणि बाइंडिंगचा लहानसा व्यवसाय आहे, पहिल्या मजल्यावर. यंदाच्या पुरात वर थेंबही आला नाही. पण रस्ता पाण्याखाली, वीज बंद, आणि पाणी ओसरल्यावरही प्रशासनाने तो भाग बंदच ठेवला. ऐन हंगामातल्या ऑर्डरी दुसऱ्या प्रेसकडे गेल्या त्या गेल्याच. भाडं, कर्जाचा हप्ता आणि पगार मात्र वेळेवर दारात.

आग आणि पूर दोन्हींची पॉलिसी होती. क्लेमवर एका ओळीचं उत्तर आलं: मालमत्तेची हानी नाही, सबब दावा देय नाही. पॉलिसीत तसंच लिहिलं आहे, त्यामुळे भांडायला धागा काढलेला नाही. आता नूतनीकरण आलंय आणि एजंट म्हणतोय, "बिझनेस इंटरप्शन जोडून घ्या, सगळं कव्हर होतं." असं कुणी म्हटलं की मला जास्तच धास्ती वाटते. पुन्हा अशीच वेळ आली तर हा विमा खरंच पैसे देईल का? रक्कम कशी ठरवायची? शिवाय आमच्याकडचे काही जण रोजावर आहेत, काम नाही तर मजुरी नाही. त्यांच्यासाठी काही असतं का?

चौथा कप
एजंट खोटं बोलत नाहीये, अर्धंच बोलतोय. मी बरीच वर्षं नुकसानीच्या मूल्यांकनाचं काम केलं आहे. साधी बिझनेस इंटरप्शन पॉलिसी मालमत्तेच्या हानीला बांधलेली असते. आधी इमारत, यंत्र किंवा माल यांचं विम्यात धरलेल्या कारणाने नुकसान व्हायला हवं, मग त्यामुळे बुडालेला नफा. ती नुसती घेतली असतीत तरी यंदा तुम्हाला हेच उत्तर आलं असतं.

तुम्हाला हवीत ती तिची एक्स्टेन्शन्स, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायची जादा कलमं. आसपासच्या मालमत्तेची हानी झाल्याने स्वतःच्या जागेत जाता येत नाही, त्यासाठी 'डिनायल ऑफ ॲक्सेस'. वीज कंपनीच्या सबस्टेशनची हानी झाल्याने काम अडलं, त्यासाठी 'पब्लिक युटिलिटीज'. कागद पुरवणाऱ्याचं गोदाम बुडालं तर 'सप्लायर्स'. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि दूरदूरच्या देशांतले संगणक बनवणारे अडून बसले. ते नुकसान या शेवटच्या प्रकारातलं.

आता बारीक अक्षरं. किती किलोमीटरच्या आतली हानी धरणार? सुरुवातीचे किती तास वजा? ७२ तास वजा असतील आणि तुमचा खोळंबा तीनच दिवसांचा असेल तर हातात शून्य. काही मसुद्यांत प्रशासनाचा प्रवेशबंदीचा आदेश लागतो, काहींत शेजारची हानी पुरते. नुसता पाणी साचलेला रस्ता म्हणजे 'मालमत्तेची हानी' का, यावर हमखास वाद होतो. तसंच, सबस्टेशन बुडालं नसून खबरदारी म्हणून बंद ठेवलं असेल तर काय? तुमची यंदाची परिस्थिती जशीच्या तशी लिहून कंपनीला विचारा, "यात क्लेम बसला असता का?" उत्तर लेखीच घ्या, फोनवरचं नको.

रकमेत लोक फार गडबडतात. विम्यातला ग्रॉस प्रॉफिट तुमच्या हिशेबनिसाच्या ग्रॉस प्रॉफिटपेक्षा वेगळा. उलाढालीतून फक्त तेच खर्च वजा करायचे जे काम थांबलं की आपोआप थांबतात: कागद, शाई, बाइंडिंगचं साहित्य. भाडं, व्याज आणि कायम लोकांचे पगार वजा करायचे नाहीत, तेच तर भरून हवे आहेत. हप्ता वाचवायला रक्कम कमी लिहिली तर बहुतेक पॉलिसींत भरपाईही त्याच प्रमाणात कापतात. १०० हवे तिथे ६० लिहिले असतील तर २० च्या नुकसानीला १२ मिळतात.

बंदच्या काळात दुसऱ्या प्रेसमधून छापून घेऊन ग्राहक टिकवलात तर तो जादा खर्चही मागता येतो. सहसा त्यामुळे वाचलेल्या नफ्याइतकाच देतात, त्याहून जास्त नाही.

पर्जन्यमापक
रोजावरच्या लोकांना वरच्या पॉलिसीचा थेट उपयोग नाही, ती मालकाच्या नफ्याची. त्यांच्यासाठी पॅरामेट्रिक विमा पाहा. त्यात नुकसान मोजायला कुणी येत नाही. ठरलेल्या हवामान केंद्रावर पाऊस, वारा किंवा तापमानाने ठरलेला आकडा ओलांडला की ठरलेली रक्कम मिळते. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये सरकारांसाठी असा सामाईक निधी काढला. २०१० च्या भूकंपानंतर हैतीला त्यातून साधारण दोन आठवड्यांत पैसे मिळाले. मजुरांच्या बाबतीत, 'सेवा' (SEWA) या कामगार स्त्रियांच्या संघटनेने २०२३ मध्ये गुजरातेत असंघटित कामगार स्त्रियांसाठी अति उष्णतेचा असा विमा सुरू केला.

खोट एकच, पण मोठी. तुमच्या गल्लीत कंबरभर पाणी असेल आणि केंद्रावरचा आकडा किंचित कमी, तर छदामही नाही. म्हणून घेण्याआधी त्या केंद्राच्या मागच्या वर्षांच्या नोंदी मागा आणि कितीदा पैसे मिळाले असते ते स्वतः ताडून बघा. हा विमा एकट्यादुकट्याला क्वचित मिळतो, संघटना किंवा पतसंस्थेमार्फत विचारलेलं बरं.

उलटतपासणी
चौथा कप यांना +१, आणि थोडं अवांतर. सगळा परिसरच ठप्प असेल तर कंपनी म्हणू शकते, "तुमची जागा शाबूत असती तरी गिऱ्हाईक आलंच नसतं." २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लीन्समधल्या एका हॉटेलची हानी झाली, तेव्हा हाच मुद्दा निघाला आणि २०१० मध्ये लंडनच्या न्यायालयात तो टिकला. पुढे कोविडच्या दाव्यांत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये तो निकाल चुकीचा ठरवला. गंमत म्हणजे जुन्या निकालाचे न्यायाधीश आणि त्याआधीच्या लवादातले एक सदस्य, दोघेही या नव्या पीठावर होते! पण हा ब्रिटिश कायदा झाला. तुमच्या पॉलिसीत याबद्दल काय कलम आहे ते बघा.

कागदफूल
सर्वांचे मनापासून आभार. परिस्थिती लिहून कंपनीला मेल केला आहे. रोजावरच्या लोकांसाठी मुद्रकांच्या संघटनेत विषय काढते. एक राहिलं: एजंट भरपाईचा कालावधी तीन महिने सुचवतोय, हप्ता कमी बसतो म्हणून. पुरेल?

चौथा कप
नाही पुरणार. हा कालावधी यंत्र दुरुस्त होईपर्यंतचा नसतो, उलाढाल पूर्वपदावर येईपर्यंतचा असतो. तुमचं काम हंगामी आहे. एक हंगाम हुकला की ते ग्राहक पुढच्या वर्षीच भेटणार, तेही परत आले तर. १२ महिन्यांच्या खाली जाऊ नका. आणि महिनावार उलाढालीचे आकडे, रद्द झालेल्या ऑर्डरींचे मेल यांची एक प्रत प्रेसबाहेर ठेवा. सर्व्हेअर आल्या आल्या तेच मागतो.